ताऱ्याची गवाही देणारा हकीम : अली इब्न रिदवान

रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी आपल्या मोहल्ल्यात काय गडबड असते ते वेगळं सांगायला नको. पोरं गच्चीवर चढलेली, वडीलधारी मंडळी ओट्यावर आणि सगळ्यांच्या नजरा पश्चिमेला. कुणी चाँद पाहिल्याचं सांगितलं की त्याची गवाही घेतली जाते. कुठे पाहिला, किती वाजता, किती उंचीवर, सोबत कोण होतं. चाँदबद्दल त्याचं मत काय, हे कुणी विचारत नाही. डोळ्यांनी काय पाहिलं तेवढं सांग, असं म्हणतात.

आज आम्ही अशाच एका गवाहीची हकीकत सांगणार आहोत. ती चाँदची नाही, एका ताऱ्याची आहे. इ.स. १००६ मध्ये, म्हणजे हिजरी ३९६ साली, इजिप्तमधल्या अठरा वर्षांच्या एका गरीब मुलाने आकाशात एक अजब गोष्ट पाहिली. जे पाहिलं ते त्याने पुढे नीट लिहून ठेवलं. आज दूरदूरच्या आकाशगंगांमध्ये तारे अचानक का फुटतात, याचा शोध शास्त्रज्ञ घेत आहेत. त्या शोधात हजार वर्षांपूर्वीची ती नोंद अजून कामाला येते. त्या मुलाचं नाव अली इब्न रिदवान.

नानबाईचा मुलगा

अबुल हसन अली इब्न रिदवान यांचा जन्म इ.स. ९८८ मध्ये नाईल नदीच्या पश्चिम काठावर गिझा इथे झाला. पिरॅमिड आहेत तेच हे गिझा. वडील नानबाई, म्हणजे भट्टीवर रोट्या भाजून विकणारे. घरात पैसा नाही, मोठ्या लोकांशी ओळख नाही. हे सगळं आपल्याला माहीत आहे, कारण साठीच्या उंबरठ्यावर आल्यावर त्यांनी स्वतःच आपली हकीकत लिहून काढली. तेराव्या शतकातले दमिश्कचे चरित्रकार इब्न अबी उसैबिया यांनी हकिमांच्या चरित्रांचा मोठा ग्रंथ लिहिला, त्यात ती जपली गेली.

सहाव्या वर्षी ते शिकायला बसले. दहाव्या वर्षी नदीपलीकडे शहरात आले. चौदाव्या वर्षी तिब्ब आणि तत्त्वज्ञानाचा अभ्यास सुरू केला. आता अडचण आली ती फीची. चांगल्या उस्तादाकडे शिकायचं तर पैसे हवेत, आणि ते तर नव्हते. मग त्यांनी पुस्तकांनाच उस्ताद केलं. बुकरात, जालिनूस, अरस्तू, बतलिमूस यांचे ग्रंथ तोवर अरबीत आले होते. आपल्याकडच्या युनानी दवाखान्यात बुकरात आणि जालिनूस ही नावं आजही ऐकू येतात. तीच ही मंडळी. कुणी समजावून सांगणारं नसताना त्यांची पुस्तकं पुन्हा पुन्हा वाचायची आणि अडलं की आपणच वाट काढायची, असं त्यांचं शिक्षण झालं.

पोटासाठी ते रस्त्याच्या कडेला बसून लोकांना भविष्य सांगत. कधी औषध देत, कधी मुलांना शिकवत. वयाच्या बत्तिसाव्या वर्षापर्यंत हीच ओढाताण चालली.

रस्त्यावर बसून भविष्य सांगणारा माणूस पुढे मोठा आलिम म्हणून गाजला, हे वाचून आपल्याला जरा खटकेल. नजूमवर, म्हणजे फलज्योतिषावर, त्या काळातल्या उलेमांचीही सडकून टीका होती. पण एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. त्या जमान्यात ग्रह-तारे मोजणारा आणि त्यावरून भविष्य सांगणारा माणूस बहुतेक वेळा एकच असे. भविष्य सांगायचं तर कोणता ग्रह आज कोणत्या राशीत किती अंशांवर आहे, हे यायलाच पाहिजे. त्यामुळे पोटासाठी का होईना, या मुलाला आकाश अंशा-अंशाने मोजायची सवय लागली. भविष्य सांगणं विसरलं गेलं. मोजायची ही सवय मात्र जगाच्या कामी आली.

ज्या शहरात तो राहत होता, त्याचंही थोडं सांगायला हवं. फुस्तात हे इजिप्तचं जुनं इस्लामी शहर, आणि त्याच्या शेजारी फातिमी खलिफांनी वसवलेलं नवं कैरो. गादीवर होते खलिफा अल-हाकिम. त्यांनी इ.स. १००५ मध्ये कैरोत दार-उल-इल्म उघडलं. तिथे पुस्तकं तर होतीच, शिवाय येणाऱ्याला कागद, कलम आणि शाई फुकट मिळे. इब्न युनूस यांच्यासारखे खगोलशास्त्री याच शहरात ग्रहांची कोष्टकं तयार करत होते. दुसऱ्याच वर्षी या शहरावरच्या आकाशात तो तारा उगवला.

त्या रात्री काय दिसलं

ही हकीकत इब्न रिदवान यांनी बतलिमूसच्या ज्योतिषावरच्या ग्रंथावर भाष्य लिहिताना नोंदवली. भाष्य पुढे लिहिलं, पण हा देखावा आपण शिक्षणाच्या सुरुवातीला पाहिला, असं त्यांनी त्यात स्पष्ट केलं आहे.

त्यांनी काय नोंदवलं ते क्रमाने पाहू. सूर्य तेव्हा वृषभ राशीच्या पंधराव्या अंशावर होता. नवा तारा त्याच्या बरोबर समोर, वृश्चिक राशीच्या पंधराव्या अंशावर दिसला. म्हणजे इकडे सूर्य मावळत होता आणि तिकडे तो उगवून रात्रभर तळपत होता. तो मोठा आणि गोल होता, शुक्राच्या अडीच ते तीन पट. त्याच्या उजेडाने क्षितिज उजळून निघे आणि तो सारखा लुकलुकत असे. चंद्राच्या उजेडाच्या पाव हिश्शापेक्षाही जरा जास्तच त्याचा उजेड होता. त्या दिवशी बाकीचे ग्रह कुठे होते, तेही त्यांनी लिहून ठेवलं. तारा जागचा हलला नाही, आपल्या राशीबरोबरच रोज फिरत राहिला. सूर्य कन्या राशीत पोहोचेपर्यंत, म्हणजे साधारण चार महिने, तो होता आणि मग एकदम दिसेनासा झाला. इतर जाणकारांनीही त्याच्यावर लक्ष ठेवलं होतं आणि त्यांचीही नोंद अशीच आहे, हे सांगायला ते विसरले नाहीत.

आपल्या चाँदच्या गवाहीत जे जे विचारतात, ते सगळं यात आलं आहे. जागा, वेळ, आकार, उजेड, किती दिवस दिसला आणि सोबतचे साक्षीदार.

या सगळ्याचा अर्थ काय लावायचा, इथे मात्र ते आपल्या काळातच अडकले. आकाश कधी बदलत नाही, जे काही बदलतं ते खाली, हवेच्या थरात, असं अरस्तूचं म्हणणं होतं आणि ते बहुतेक विद्वानांना मान्य होतं. म्हणून इब्न रिदवान यांनी त्याला तारा न म्हणता धूमकेतूसारख्या क्षणिक गोष्टींसाठी जो अरबी शब्द होता, तो वापरला. वर नजूमी परंपरेप्रमाणे त्याला अपशकुनही मानलं. त्याच सुमारास अबू रकवा याचं बंड इजिप्तच्या दारापर्यंत येऊन ठेपलं होतं. लढाया, दुष्काळ, महागाई, साथी, सगळ्याचं खापर त्यांनी त्या ताऱ्यावर फोडलं.

हा अर्थ आज कुणी घेत नाही. पण अर्थ लावायच्या आधी त्यांनी जे मोजून ठेवलं होतं, ते तसंच शिल्लक राहिलं.

एकट्याने पाहिला नव्हता

हा तारा जगात पुष्कळांनी पाहिला. येमेनच्या तवारिखांमध्ये तो रजब महिन्याच्या मध्यावर, म्हणजे इब्न रिदवान यांच्या दिवसाच्या दहा-बारा दिवस आधीच, दिसल्याची नोंद आहे. चीन आणि जपानच्या दरबारी ज्योतिष्यांनी त्याला पाहुणा तारा म्हणून नोंदलं. चीनमधल्या एका दरबारी ज्योतिष्याने तर तो शुभ असल्याचं बादशहाला पटवलं. फुस्तातमध्ये अपशकुन आणि चीनमध्ये शुभशकुन, तारा मात्र एकच! स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलन इथल्या ख्रिस्ती मठाच्या वृत्तांतातही तो आहे. तिथे तो दक्षिणेला अगदी खाली, डोंगरांच्या माथ्यावर तीन महिने दिसत होता.

शेख इब्न सिना यांचं नाव तर आपल्या घराघरात माहीत आहे. त्यांच्या अश-शिफा या ग्रंथातही हिजरी ३९७ सालच्या अशा एका ताऱ्याचा उल्लेख आहे. सुरुवातीला त्याचा रंग काळसर हिरवट होता, मग तो ठिणग्या टाकू लागला, पुढे पांढरा होत गेला आणि साधारण तीन महिन्यांत विझला, असं त्यांनी लिहिलं आहे. हा उल्लेख याच ताऱ्याचा आहे, हे जर्मनीतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये पुढे आणलं.

या सगळ्यांत इब्न रिदवान यांची नोंद वजनदार ठरते ती त्यातल्या आकड्यांमुळे. सूर्य आणि ग्रहांच्या जागा दिल्या होत्या, त्यामुळे विसाव्या शतकातल्या अभ्यासकांना उलटा हिशोब करता आला. अमेरिकेतले विज्ञानाचे इतिहासकार बर्नार्ड गोल्डस्टीन यांनी १९६५ मध्ये दाखवून दिलं की ही ग्रहस्थिती ३० एप्रिल १००६ च्या रात्रीशी जुळते.

हकीम झाल्यावर

मुलाची गोष्ट पुढे नेऊ. तिशी ओलांडल्यावर इब्न रिदवान यांचं नाव हकीम म्हणून झालं. हातात पैसा आला, त्यातून त्यांनी शहरात घरं विकत घेतली आणि पुढे फातिमी दरबाराने त्यांना इजिप्तच्या हकिमांचं प्रमुखपद दिलं. नानबाईच्या मुलाने पुस्तकांच्या जोरावर मिळवलेली ही जागा होती.

त्यांचं सगळ्यात वाचनीय पुस्तक इजिप्तच्या आरोग्यावर आहे. कैरवानचे नामवंत हकीम इब्न अल-जज्जार यांनी आधी लिहिलं होतं की इजिप्तची हवाच रोगट आहे. इब्न रिदवान यांची मुख्य तक्रार अशी की या गृहस्थांनी इजिप्त कधी पाहिलंच नाही. न पाहता लिहिणं त्यांना अजिबात चालत नसे.

त्यांनी स्वतः पाहून जे लिहिलं ते आजच्या कुठल्याही शहराला लागू पडेल. फुस्तातची घरं उंच आणि गल्ल्या अरुंद, त्यामुळे हवा कोंडते. हमामखान्यांच्या भट्ट्यांचा धूर गावावर साचून राहतो. उन्हाळ्यात वारा पडला की संध्याकाळी शहरावर काळपट ढग धरलेला दिसतो. घरात मांजर, कुत्रं मेलं की लोक रस्त्यावर फेकतात आणि ते तिथेच कुजतं. संडासांचं पाणी नाईलमध्ये सोडतात आणि तेच पाणी पितात. यातून सुटका कशी करायची, पाणी साफ कसं करायचं, कोणत्या ऋतूत काय खायचं, हेही त्यांनी सांगितलं. हे सगळं लिहिलं गेलं अकराव्या शतकात, जंतूंचं नावही कुणाला माहीत नव्हतं तेव्हा.

चांगल्या हकिमाच्या अंगी सात गुण हवेत, असंही त्यांनी लिहून ठेवलं. तो स्वच्छ असावा, रुग्णाची गुपितं त्याने पोटात ठेवावीत, फीपेक्षा रुग्ण बरा होण्याची त्याला जास्त ओढ असावी आणि श्रीमंतापेक्षा गरिबाच्या इलाजाची आस्था अधिक असावी. कुणी मागितलं तरी त्याने प्राणघातक औषध देऊ नये. आणि शत्रू जरी रुग्ण म्हणून आला तरी त्याचा इलाज मित्राइतक्याच मनापासून करावा. हे शेवटचं लक्षात ठेवा, कारण पुढे एक शत्रू खरोखरच दारात आला.

बगदादचा पाहुणा

इ.स. १०४९ मध्ये बगदादहून इब्न बुतलान नावाचे हकीम फुस्तातला आले. धर्माने ख्रिस्ती, शिक्षण बगदादच्या नामवंत उस्तादांकडे, स्वभाव हजरजबाबी आणि लेखणी तिखट. तर इकडचे आमचे इब्न रिदवान उस्तादाविना शिकलेले आणि त्याचा अभिमान बाळगणारे. ठिणगी पडायला वेळ लागला नाही.

वाद सुरू झाला तो एका गमतीदार प्रश्नावरून. कोंबडीचं पिल्लू जास्त गरम प्रकृतीचं की इतर पक्ष्यांची पिल्लं? आज हसू येईल, पण त्या काळच्या तिब्बमध्ये गरम-थंड प्रकृतीवरच सगळं पथ्यपाणी ठरत असे. आपल्या घरातल्या आजी आजही कोणता पदार्थ गरम पडतो आणि कोणता थंड, हे सांगतातच. बघता बघता वाद पिल्लांवरून शिक्षणावर आला. उस्तादाच्या तोंडून शिकलेलं पुस्तकातून शिकलेल्यापेक्षा का श्रेष्ठ असतं, याची कारणंच इब्न बुतलान यांनी मांडली. हा घाव नेमका वर्मी बसला. ज्याला पैशांअभावी उस्ताद मिळाला नाही, त्याला हे किती लागलं असेल!

मग दोघांनीही पातळी सोडली. इब्न बुतलान यांनी त्यांच्या सावळ्या, कुरूप चेहऱ्याची टिंगल केली. त्यावर इब्न रिदवान यांनी, हकिमाला सुंदर चेहऱ्याची गरज नसते, असं सिद्ध करणारं एक टिपणच लिहिलं! शहरातल्या इतर हकिमांनाही त्यांनी या पाहुण्याविरुद्ध पत्र पाठवलं. शत्रूचाही इलाज मित्रासारखा करावा असं लिहिणारा माणूस वादात मात्र शत्रूला सोडायला तयार नव्हता. हे आम्ही लपवत नाही. थोर माणसांची चरित्रं धुऊनपुसून सांगितली तर त्यातून शिकण्यासारखं काही उरत नाही.

साधारण तीन वर्षांनी इब्न बुतलान वैतागून इजिप्त सोडून गेले. फिरत फिरत ते १०५४ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला पोहोचले.

दुसरा तारा

त्याच वर्षी आकाशात पुन्हा एक नवा तारा पेटला. चीनच्या दरबारात त्याची नोंद ४ जुलै १०५४ ची आहे. आणि अरबी जगात त्याची गवाही दिली ती याच इब्न बुतलान यांनी! हिजरी ४४६ मध्ये मिथुन राशीत एक विलक्षण तारा उगवला, असं त्यांनी लिहिलं. त्या वर्षीच्या साथीत कॉन्स्टँटिनोपलची सगळी कब्रस्तानं भरून गेली, तेव्हा एका चर्चच्या आवारात १४ हजार माणसं पुरावी लागली, आणि पुढे नाईलचं पाणी उतरलं तशी साथ फुस्तातला पोहोचली, असंही त्यात आहे. हा मजकूरही इब्न अबी उसैबिया यांच्याच ग्रंथात टिकला. तो तारा १०५४ चाच, हे संशोधकांनी १९७८ मध्ये दाखवलं.

म्हणजे बघा, एकमेकांचं तोंडही पाहू न इच्छिणारे दोन हकीम. त्या शतकातल्या दोन सगळ्यात मोठ्या तारकास्फोटांपैकी एकाचा साक्षीदार हा, दुसऱ्याचा तो. आणि एकाच चरित्रकाराने दोघांनाही आपल्या पुस्तकात जागा दिली.

अनाथ मुलगी

ती साथ आणि तो दुष्काळ इब्न रिदवान यांच्या दारातही आला. फुस्तातमध्ये माणसं उपाशी मरत होती. अशा वेळी त्यांनी एका अनाथ मुलीला घरात घेतलं आणि लेकीसारखं वाढवलं. एक दिवस तिला घरी एकटी ठेवून ते बाहेर गेले. परत आले तेव्हा मुलगी नव्हती आणि घरातलं सोनंनाणंही नव्हतं. चरित्रकार सांगतो की सुमारे २० हजार दिनारांची चोरी होती ती. मुलीचा पत्ता पुन्हा कधीच लागला नाही. या धक्क्याने त्यांचं मन विस्कटलं.

गेलेलं धन जास्त सलत होतं की गेलेली मुलगी, हे चरित्रकार सांगत नाही. आम्हाला मात्र वाटतं, ज्याने अनाथाला छप्पर दिलं त्याची नेकी अल्लाहकडे वाया जाणार नाही. पुढे काय घडलं, त्याचा हिशोब वेगळा.

इ.स. १०६१ मध्ये त्यांचा इंतकाल झाला. काही चरित्रकार आणखी काही वर्षं पुढची तारीख देतात. फुस्तातच्या जुन्या किल्ल्याच्या भागात त्यांचं घर होतं. दोनशे वर्षांनी इब्न अबी उसैबिया लिहितात तेव्हा त्याची पडझड झाली होती, पण लोक त्या जागेला त्यांच्याच नावाने ओळखत होते. त्यांची पुस्तकं दूर गेली. स्पेनमध्ये त्यांचं लॅटिन भाषांतर झालं, आणि नव्या ताऱ्याची नोंद असलेलं भाष्य १४९३ मध्ये व्हेनिसला छापलं गेलं. युरोपात त्यांना हाली म्हणत, म्हणजे आपले अलीच.

तारा नेमका कोणता होता

आता आजच्या काळात येऊ. इब्न रिदवान यांनी दिलेली जागा, सेंट गॅलनच्या डोंगरांवरून निघणारा अंदाज आणि चीनच्या नोंदी एकत्र केल्यावर आकाशातला एक छोटा पट्टा उरला. वृश्चिकाच्या पश्चिमेला, वृक तारकासमूहात. १९६५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स रेडिओ दुर्बिणीच्या साहाय्याने तिथे फुटलेल्या ताऱ्याचा अवशेष ओळखण्यात आला. तो अंदाजे ७ हजार प्रकाशवर्षं दूर आहे आणि सुमारे ६० प्रकाशवर्षं रुंद पसरलाय. डोळ्यांना दिसत नाही. दिसला असता तर पौर्णिमेच्या चंद्राएवढा दिसला असता. माणसाने नोंदवलेल्या ताऱ्यांमध्ये इतका तेजस्वी तारा दुसरा नाही.

अशा स्फोटाला सुपरनोव्हा म्हणतात. त्याचे मुख्य प्रकार दोन. एकात, सूर्यापेक्षा कितीतरी जड ताऱ्याचं इंधन संपतं, त्याचा गाभा आत कोसळतो आणि बाहेरचे थर उडतात. मागे एक छोटा, अतिघन तारा उरतो. इब्न बुतलान यांचा १०५४ चा तारा या प्रकारचा. त्याच्या जागी आज क्रॅब नेब्युला आहे आणि मधोमध सेकंदाला सुमारे तीस गिरक्या घेणारा तारा आहे.

दुसऱ्या प्रकारात फुटतो तो श्वेतबटू. सूर्यासारखा तारा म्हातारा होऊन विझला की पृथ्वीएवढा, पण अतिशय जड गोळा उरतो, तो श्वेतबटू. शेजारच्या ताऱ्याचा माल ओढत ओढत त्याचं वजन वाढलं आणि सूर्याच्या १.४ पटीजवळ गेलं की त्यातला कार्बन पेट घेतो आणि काही सेकंदांत अख्खा तारा उडून जातो. मागे काहीच उरत नाही. ही १.४ पटीची मर्यादा शोधण्याचं काम लाहोरमध्ये जन्मलेल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९३० मध्ये सुरू केलं. भारतातून इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवर, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी! इब्न रिदवान यांचा तारा या दुसऱ्या प्रकारचा होता. एका हकिमाच्या वाट्याला एक प्रकार, दुसऱ्याच्या वाट्याला दुसरा.

अजून न सुटलेलं कोडं

आपल्या आकाशगंगेत असा स्फोट नुसत्या डोळ्यांनी शेवटचा दिसला तो १६०४ मध्ये. दुर्बीण आकाशाकडे वळली त्याच्या पाच वर्षं आधी. तेव्हापासून शास्त्रज्ञांना दुसऱ्या आकाशगंगांमधले स्फोटच पाहावे लागतात. आपल्या अब्दुर्रहमान अस-सूफी यांनी इ.स. ९६४ च्या सुमारास ज्या धूसर ढगाची नोंद केली होती, त्या देवयानी आकाशगंगेत १८८५ मध्ये असाच एक तारा फुटला. आता दरवर्षी हजारो स्फोट सापडतात. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. दूरच्या आकाशगंगांत फुटलेल्या ताऱ्यांच्या रेडिओ लहरी तिथेही टिपल्या जातात.

श्वेतबटूंचे स्फोट जवळपास सारख्याच तेजाचे असतात. रस्त्यावरचे दिवे सारख्याच वॅटचे असले की कोणता किती लांब आहे हे त्याच्या मिणमिणण्यावरून कळतं, तसं या स्फोटांवरून आकाशगंगांचं अंतर मोजतात. १९९८ मध्ये याच मापाने कळलं की विश्वाचं पसरणं वेगाने वाढतंय. त्या शोधाला २०११ चं नोबेल मिळालं.

पण मूळ प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. श्वेतबटू शेजाऱ्याचा माल ओढून फुटतो, की दोन श्वेतबटू एकमेकांवर आदळून? दूरच्या आकाशगंगेत स्फोट म्हणजे नुसता एक ठिपका. त्यात शेजारी होता की नव्हता, हे दिसणार कसं? इथे १००६ चा तारा उपयोगी पडतो. तो जवळ आहे आणि केव्हा दिसला हे माहीत आहे. शेजारी होता, तर स्फोटातून वाचून तो अजून तिथेच आसपास असायला हवा. स्पेनच्या खगोलशास्त्रज्ञांच्या पुढाकाराने एका गटाने अवशेषाच्या मध्यभागातले तारे एकेक करून तपासले आणि २०१२ मध्ये निष्कर्ष दिला की असा मोठा शेजारी तिथे नाही. म्हणजे हा स्फोट बहुधा दोन श्वेतबटूंच्या टकरीतून झाला असावा. विश्वातल्या लोखंडाचा मोठा हिस्सा अशाच स्फोटांतून तयार होतो. आपल्या चुलीवरच्या तव्यातलं आणि आपल्या रक्तातलंही.

अशा शोधात तारा केव्हा दिसला हे माहीत असणं कामाला येतं, आणि ते ठाऊक असण्यात फुस्तातच्या रस्त्यावर बसणाऱ्या त्या मुलाचाही वाटा आहे.

इब्न रिदवान यांना त्या ताऱ्याचा अर्थ कळला नव्हता. इब्न बुतलान यांनाही नाही. पण दोघांनी जे पाहिलं त्यात स्वतःच्या मताची भेसळ केली नाही. मत शेजारी ठेवलं, आकडे जसेच्या तसे ठेवले. आजकाल मोबाईलवर आलेली बातमी न पाहता, न तपासता आपण पुढे ढकलतो. अशा वेळी ही सवय आपल्या मुलांना लावण्यासारखी आहे.

येत्या मे महिन्यात एखाद्या रात्री इशानंतर मुलांना घेऊन गच्चीवर जा. दक्षिणेकडे, क्षितिजापासून साधारण तीस अंशांवर, वृश्चिकाच्या उजवीकडे बघा. तिथे आता काही दिसणार नाही. पण एका नानबाईच्या मुलाने तिथे काय पाहिलं होतं, ते त्यांना सांगा. मग त्यांनाच विचारा, आज आकाशात काय काय दिसतंय. आणि जे सांगतील ते वहीत लिहायला लावा, तारखेसकट.